वाढत्या चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया : बालकांच्या मुख व कवटीच्या जन्मजात व्यंगांची पुनर्रचना

सारांश

बालकाच्या मुखाच्या वा कवटीच्या जन्मजात व्यंगावरील शस्त्रक्रिया म्हणजे एका दिवसात चेहरा सुधारण्याची क्रिया, असा सर्वसाधारण समज आढळतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवून तिचे यश दाखविण्याच्या प्रथेमुळे हा समज अधिक दृढ झाला आहे. प्रत्यक्षात ही शस्त्रक्रिया वाढत्या शरीरावर होते. त्यामुळे ती कोणत्या वयात करावी, हा प्रश्न ती कशी करावी या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात दुभंगलेला ओठ व टाळू आणि कवटीच्या शिवणींचे अकाली मिलन या दोन व्यंगांच्या आधारे या शस्त्रक्रियेचे स्वरूप, इतिहास, वेळापत्रक व सामाजिक संदर्भ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया, दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू, कवटीच्या शिवणी, वाचा, चेहरा व समाज.

प्रस्तावना

मनुष्याची ओळख प्रथम त्याच्या चेहऱ्यावरून होते. श्वास, आहार, वाणी, दृष्टी व श्रवण या पाचही व्यवहारांची द्वारे मस्तकाच्या लहानशा भागात एकत्र आलेली आहेत. म्हणून चेहऱ्याच्या रचनेत जन्मतःच दोष राहिल्यास त्याचा परिणाम केवळ रूपावर होत नाही. बालकाला दूध ओढता येत नाही, उच्चार स्पष्ट होत नाहीत, कानात द्रव साचून ऐकू कमी येते आणि काही प्रकारांत मेंदूवर दाब वाढण्याचा धोका संभवतो. यावरून ही शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेहून मूलतः भिन्न आहे, हे लक्षात येईल.

जगभरात सुमारे ७०० जन्मांमागे एका बालकाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. कवटीच्या शिवणी अकाली जुळण्याचे प्रमाण साधारणतः २००० ते २५०० जन्मांमागे एक इतके मानले जाते. पहिले व्यंग जन्मतःच नजरेस पडते, तर दुसरे अनेकदा महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. उपचारांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

येथे एका शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘टाळू’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. तान्ह्या बाळाची तेलाने टाळू भरतात, तेव्हा तो शब्द माथ्यावरील मऊ जागेचा वाचक असतो; तर ‘जीभ टाळूला लावणे’ यात तो तोंडाच्या आतील छताचा वाचक असतो. प्रस्तुत लेखात तो दुसऱ्या अर्थाने योजिला असून पहिल्या अर्थासाठी ‘माथ्यावरील टाळू’ असा उल्लेख केला आहे.

१. व्यंगाची उत्पत्ती

गर्भाचा चेहरा अखंड पत्र्यातून कोरल्याप्रमाणे तयार होत नाही. कपाळाकडून खाली येणारा एक उंचवटा आणि दोन्ही बाजूंनी मध्याकडे सरकणारे उंचवटे एकमेकांस भेटतात व सांधले जातात. वरचा ओठ साधारणतः गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात पूर्ण होतो. टाळूचे दोन पडदे त्यानंतर आडवे होऊन बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळतात. हे सांधणे अपुरे राहिले तर दुभंग राहतो. अनेक स्त्रियांना गर्भधारणेची नीट जाणीव होण्याच्या सुमारासच ओठ घडून गेलेला असतो, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

याची कारणे एकाहून अधिक आहेत. काही जनुकांमधील बदल, गर्भारपणातील धूम्रपान, अपस्मारावरील काही औषधे आदी घटकांचा संबंध दिसून आला आहे. पालकांपैकी कोणालाही व्यंग नसताना पहिले अपत्य दुभंगलेल्या ओठाचे जन्मल्यास पुढील अपत्यात ते आढळण्याची शक्यता सुमारे ३ ते ५ टक्के असते. मात्र बहुसंख्य उदाहरणांत एकच एक कारण दाखविता येत नाही.

ही रिकामी जागा समाजाने आपल्या परीने भरून काढली आहे. गर्भवतीने ग्रहणकाळात विळी वा सुरी हाती घेतली म्हणून बाळाचा ओठ चिरला गेला, ही समजूत महाराष्ट्रातच नव्हे तर भारताच्या अनेक भागांत प्रचलित आहे. ग्रहणात काय चिरले, या प्रश्नाचे उत्तर आईलाच द्यावे लागते. म्हणजे बाळाच्या व्यंगाबरोबर आईवर दोषही येतो, आणि दोष लपविण्याच्या प्रयत्नात उपचाराचा काळ निघून जातो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेच्या इतिहासात भारताचे स्थान सर्वमान्य आहे. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेपासून नाक घडविण्याची पद्धत वर्णिली आहे. पुण्यातील एका घटनेने ही परंपरा युरोपला ज्ञात झाली. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी यांचे नाक टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कापले होते. पुण्यातील एका मराठी कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून त्यांना नवे नाक करून दिले. याचा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आधारे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. तथापि ही प्रौढाच्या गमावलेल्या अवयवाची भरपाई होती. जे मुळात घडलेच नाही ते वाढत्या बालकात घडवून आणणे, हा प्रश्न त्याहून निराळा होता.

त्याचे आधुनिक उत्तर प्रामुख्याने विसाव्या शतकात सापडत गेले. अमेरिकेचे राल्फ मिलार्ड यांनी कोरियातील लष्करी सेवेच्या काळात दुभंगलेल्या ओठासाठी नवी पद्धत विकसित केली व १९५५ साली स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ती मांडली. ओठाचा वर ओढला गेलेला भाग फिरवून खाली आणणे आणि दुसऱ्या बाजूचा भाग पुढे सरकवून रिकामी जागा भरणे, हे तिचे तत्त्व होय. यात व्रण ओठावरील नैसर्गिक उंचवट्याच्या रेषेत लपतो आणि मूळ ऊतक फारसे कापून टाकावे लागत नाही.

कवटी व चेहरा यांच्या एकत्रित शस्त्रक्रियेचा पाया फ्रान्सचे पॉल तेसिए (१९१७–२००८) यांनी घातला. क्रूझाँ या व्याधीत डोळ्यांच्या खोबण्या उथळ राहून डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात व चेहऱ्याचा मधला भाग मागे राहतो. इंग्लंडचे हॅरोल्ड गिलिज यांनी हा भाग पुढे आणण्याचा प्रयत्न तेसिए यांच्यापूर्वी केला होता, परंतु हाडे पुन्हा मागे सरकली. तेसिए यांनी कोरड्या कवट्यांचा बारकाईने अभ्यास केला, हाडे कापण्याच्या जागा बदलल्या आणि पुढे आणलेला भाग रुग्णाच्याच हाडांच्या तुकड्यांनी आधारला. न्यूरोसर्जन जेरार गियो यांच्या साहाय्याने कवटी उघडून आतून डोळ्यांच्या खोबण्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांनी रूढ केला. तोपर्यंत मेंदूचे क्षेत्र व चेहऱ्याचे क्षेत्र यांमधील सीमा ओलांडणे संसर्गाच्या भीतीने वर्ज्य मानले जात असे. १९६७ साली रोम येथील परिषदेत त्यांनी हे कार्य मांडल्यानंतर एक स्वतंत्र शाखाच उदयास आली.

३. दुभंगलेला ओठ व टाळू : उपचारांचे वेळापत्रक

उपचारांचा आरंभ शस्त्रक्रियेने होत नाही; तो आहारापासून होतो. टाळू दुभंगलेली असल्यास तोंडात निर्वात अवस्था निर्माण होत नाही व बाळाला स्तनातून दूध ओढता येत नाही. अशा वेळी बाळाला उभट धरून, आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा विशेष बाटलीने थोडे थोडे पाजावे लागते. ही साधी गोष्ट वेळीच न शिकविल्यास बाळाचे वजन वाढत नाही आणि शस्त्रक्रिया लांबते. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी वय १० आठवडे, वजन १० पौंड व हिमोग्लोबिन १० ग्रॅम हा ‘दहाचा नियम’ दीर्घकाळ प्रचलित आहे. आज बहुतेक ठिकाणी ओठ ३ ते ६ महिन्यांच्या वयात शिवला जातो.

टाळूचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठी वर्णमालेच्या आधारे तो सहज समजू शकतो. क, च, ट, त, प या पाचही वर्गांतील पहिल्या चार वर्णांसाठी मुखात हवा क्षणभर कोंडावी लागते. त्या क्षणी टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. प्रत्येक वर्गातील पाचव्या, म्हणजे अनुनासिक वर्णाच्या वेळी मात्र ती वाट उघडी राहते. टाळू दुभंगलेली किंवा आखूड असेल तर ही झडप लागतच नाही. परिणामी प-वर्गातील ‘ब’ हा ‘म’कडे झुकतो आणि मूल ‘बाबा’ म्हणू पाहते तेव्हा ऐकणाऱ्यास ‘मामा’सारखे ऐकू येते. अशा बोलण्याला व्यवहारात ‘गेंगाणे’ म्हटले जाते. हवा तोंडात कोंडता येत नाही म्हणून मूल ती घशात अडवून उच्चार करू लागते. ही सवय एकदा जडली की नंतर टाळू उत्तम शिवली तरी ती आपोआप सुटत नाही. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाकडे दीर्घकाळ सराव करावा लागतो.

म्हणजे वाचेच्या दृष्टीने टाळू लवकर शिवणे इष्ट ठरते. परंतु यालाच दुसरी बाजू आहे. श्रीलंकेत मायकेल मार्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया न झालेल्या प्रौढांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या वरच्या जबड्याची वाढ बहुतांशी चांगली झालेली आढळली. उलट लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांचा वरचा जबडा मागे राहतो. टाळूवरील व्रण आक्रसतो आणि हाडाच्या वाढीस अडथळा आणतो. या कारणास्तव जर्मनीत श्वेकेन्डिक यांनी मऊ टाळू लवकर व कठीण टाळू बऱ्याच उशिरा शिवण्याची पद्धत अवलंबिली. तिच्यामुळे जबड्याची वाढ चांगली झाली, पण वाचा मात्र अनेकांची सदोष राहिली. वाचा व वाढ यांतील हा संघर्ष या शास्त्राच्या केंद्रस्थानी आहे. एकाची किंमत दुसऱ्यात मोजावी लागते. कोणतेही वय दोहोंना सारखेच अनुकूल नाही.

या संदर्भात २०२३ साली प्रसिद्ध झालेली एक व्यापक चाचणी उल्लेखनीय आहे. युरोप व दक्षिण अमेरिकेतील २३ केंद्रांतील केवळ टाळू दुभंगलेल्या, अन्यथा निरोगी अशा ५५८ बालकांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली व त्यांची शस्त्रक्रिया सहाव्या किंवा बाराव्या महिन्यात ठरविण्यात आली. पाचव्या वर्षी तपासणी झालेल्यांपैकी सहाव्या महिन्याच्या गटातील ८.९ टक्के, तर बाराव्या महिन्याच्या गटातील १५ टक्के बालकांत टाळूची झडप अपुरी आढळली. अर्थात ही केंद्रे साधनसंपन्न होती. सहा महिन्यांच्या बालकास सुरक्षित भूल देण्याची व्यवस्था जेथे नाही, तेथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. सामान्यतः टाळूची शस्त्रक्रिया पहिल्या दीड वर्षात व्हावी, असे मानले जाते.

यानंतरही टप्पे संपत नाहीत. कानातील द्रवासाठी श्रवणतपासणी नियमित करावी लागते. हिरडीतही दुभंग असल्यास सुमारे ८ ते ११ वर्षे वयात, कायमचा सुळा येण्यापूर्वी, कमरेच्या हाडातील मऊ अंश काढून तेथे भरला जातो. त्यातूनच सुळ्याला वाट व आधार मिळतो. पुढे दंतव्यंगोपचार होतात. जबडा मागे राहिलेला असल्यास तो पुढे आणण्याची शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारणतः १६ ते १८ वर्षांच्या आसपास केली जाते. एका बालकाचा उपचार अशा रीतीने पाळण्यापासून महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत चालतो.

४. कवटीच्या शिवणींचे अकाली मिलन

नवजात बालकाची कवटी अनेक हाडांची बनलेली असून त्यांच्या मधल्या शिवणी मोकळ्या असतात. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो व या शिवणींच्या ठिकाणी कवटी त्याला जागा करून देते. एखादी शिवण अकाली जुळली तर तिच्या काटकोनातील दिशेने कवटीची वाढ खुंटते व इतर दिशांनी भरपाई होते. हा नियम रुडॉल्फ फिर्को यांनी १८५१ साली मांडला. माथ्यावरील मधली शिवण जुळल्यास डोके होडीसारखे लांबट व अरुंद होते. कपाळावरील शिवण फार लवकर जुळल्यास कपाळ त्रिकोणी दिसते. क्रूझाँ व एपर्ट या व्याधींत अनेक शिवणी व चेहऱ्याची हाडे एकाच वेळी बाधित होतात. या दोन्ही व्याधींचा संबंध एफजीएफआर-२ या जनुकातील बदलांशी असल्याचे १९९० च्या दशकात सिद्ध झाले.

या शस्त्रक्रियेचा प्रारंभ निराशाजनक होता. १८९० च्या सुमारास शिवणी कापून मोकळ्या करण्याचे प्रयोग झाले. परंतु मेंदूच मुळात न वाढलेल्या बालकांवरही त्या केल्या गेल्या व मृत्यू पुष्कळ झाले. १८९४ साली अब्राहम जकोबी यांनी त्यावर कठोर टीका केली आणि पुढे बराच काळ ही शस्त्रक्रिया मागे पडली. कोणावर शस्त्रक्रिया करू नये हे ठरविणे तितकेच शास्त्रीय असते, हा धडा यातून मिळाला.

आज पहिल्या काही महिन्यांतच निदान झाल्यास दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छेदातून शिवण मोकळी करून पुढे विशेष शिरस्त्राण वापरता येते. निदान उशिरा झाल्यास कपाळ व भुवयांचे हाड काढून, नवा आकार देऊन पुढे बसविण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. तीत रक्तस्राव अधिक असतो. चेहऱ्याचा मधला भाग पुढे आणण्यासाठी हाड कापून यंत्राच्या साहाय्याने ते दररोज सुमारे एक मिलिमीटर सरकविण्याची पद्धतही वापरली जाते. मधल्या फटीत नवे हाड तयार होते. लांब हाडांसाठी इलिझारोव्ह यांनी विकसित केलेले हे तत्त्व बालकांच्या खालच्या जबड्यासाठी जोसेफ मॅकार्थी यांनी १९९२ साली यशस्वीपणे वापरल्याचे प्रसिद्ध केले.

आपल्याकडे बाळाचे डोके मालिशीने ‘घडविण्याची’ व त्यास मोहरीच्या उशीवर निजविण्याची रीत आहे. एकाच कुशीवर झोपल्याने डोके चपटे झाले असेल तर कुस बदलल्याने ते हळूहळू सुधारते. जुळलेल्या शिवणीवर मात्र मालिशीचा उपयोग होत नाही. ‘मोठे झाल्यावर डोके आपोआप गोल होईल’ या आश्वासनात जे महिने जातात, तेच महिने सोप्या उपचाराचे असतात. डोक्याचा आकार दिवसेंदिवस अधिक विषम होणे, शिवणीच्या जागी हाडाचा कंगोरा हाताला लागणे वा डोक्याचा घेर अपेक्षेप्रमाणे न वाढणे ही लक्षणे दिसताच तज्ज्ञांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. माथ्यावरील टाळू मोकळी आहे, एवढ्यावरून शिवण जुळलेली नाही असे मानता येत नाही.

५. यशाचे मोजमाप

उपचार दीर्घ व अनेक शाखांचा असल्याने तो एकट्या शल्यविशारदाचा राहत नाही. युरोपातील सहा केंद्रांच्या निष्पत्तींची तुलना करणारा ‘युरोक्लेफ्ट’ अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा केंद्राकेंद्रांत मोठी तफावत आढळली. अधिक शस्त्रक्रिया म्हणजे अधिक चांगला परिणाम, असे समीकरण त्यात दिसले नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या शासकीय पाहणीत ५७ ठिकाणी विखुरलेले उपचार असमाधानकारक ठरले व ते ८ ते १५ केंद्रांत एकवटण्याची शिफारस करण्यात आली. थोड्या हातांनी पुष्कळ काम करावे व त्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी, हे त्यामागील सूत्र होते.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नोशिर अंतिया, तसेच त्रिशूर येथील हिरजी अडेनवाला यांच्यासारख्या शल्यविशारदांनी या क्षेत्राचा पाया घातला. अडेनवाला यांनी त्रिशूरच्या केंद्रास मुंबईतील आपले गुरू चार्ल्स पिंटो यांचे नाव दिले. १९९९ साली स्थापन झालेल्या ‘स्माइल ट्रेन’ या संस्थेने स्थानिक डॉक्टरांमार्फत विनामूल्य शस्त्रक्रियांना आर्थिक साहाय्य दिले. मिर्झापूर जिल्ह्यातील एका मुलीच्या शस्त्रक्रियेवरील ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटास २००९ साली ऑस्कर मिळाल्यानंतर हा विषय सर्वदूर पोहोचला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी निवडलेल्या ९ जन्मजात दोषांत दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे.

यामुळे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याची वाट रुंदावली, हे निर्विवाद होय. तथापि ओठ शिवल्यावर मूल ‘बरे झाले’ असे कुटुंबास वाटते. टाळू आतली असल्याने दिसत नाही. वाचा-उपचारासाठी जिल्ह्याच्या गावी दर आठवड्यास जाणे म्हणजे मजुरी बुडविणे होय. छायाचित्रात हसू दिसते, पण उच्चार ऐकू येत नाही. म्हणून पाचव्या वर्षी मुलाचे बोलणे परक्या माणसाला समजते का, हा निकष ओठावरील व्रणाच्या सुबकतेपेक्षा अधिक सत्य आहे.

६. सामाजिक व शैक्षणिक संदर्भ

अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली ‘स्टिग्मा’ या ग्रंथात कलंकाची संकल्पना मांडली. व्यंगापेक्षा व्यंगाकडे पाहणाऱ्याची नजर व्यक्तीचे सामाजिक स्थान अधिक ठरविते, असे त्यावरून दिसते. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात चेहऱ्याची गंभीर विरूपता ही अपंगत्वासमान मानून संरक्षण दिले आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत आम्लहल्ल्याचे बळी व वाचा-भाषा दिव्यांगत्व यांचा समावेश आहे. जन्मजात चेहऱ्याच्या वेगळेपणाची स्वतंत्र नोंद मात्र नाही. ज्याचे बोलणे समजते परंतु ज्याचा चेहरा नाकारला जातो, असा विद्यार्थी या यादीबाहेर राहतो.

शस्त्रक्रियेस संमती कोणाची, हाही प्रश्न येथे उद्भवतो. तान्ह्या बालकासाठी पालक निर्णय घेतात व तो योग्यच आहे, कारण आहार, वाचा व मेंदूची वाढ थांबून राहत नाहीत. मात्र सोळाव्या वर्षीची नाकाची वा जबड्याची शस्त्रक्रिया हा त्या मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा निर्णय असावयास हवा. विवाह ठरण्यास सोपे जावे म्हणून मुलीवर ती लादणे आणि तिने स्वतः ती मागणे, यांत नैतिक अंतर आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, बालकांच्या मुख व कवटीवरील पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया ही वाढीशी केलेली दीर्घकालीन तडजोड आहे. ती फार लवकर केली तर वाढ अडते, फार उशिरा केली तर वाचा वा मेंदूची जागा हातची जाते. या तडजोडीचा योग्य क्षण साधण्यासाठी शल्यविशारदाइतकीच अंगणवाडी सेविका, वाचा-उपचारतज्ज्ञ, दंतवैद्य व शिक्षक यांची गरज असते.

महाविद्यालयीन अध्यापकाच्या वर्गात येणारा असा विद्यार्थी बहुधा उपचारांच्या अखेरच्या टप्प्यावर असतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्याला बोलणे कठीण जाते आणि तोंडी परीक्षेचे वेळापत्रक त्याच्या उपचारांचा विचार करीत नाही. परीक्षेची तारीख बदलून देणे, उत्तर लेखी घेणे, त्याचे वाक्य मध्येच पूर्ण न करता ते त्याला पूर्ण करू देणे, या गोष्टी संस्थेच्या अधिकारात आहेत. त्यांस खर्च लागत नाही. अठरा वर्षे अनेकांनी मिळून जी वाचा घडविली, ती ऐकून घेण्याची जबाबदारी शेवटी वर्गावर येते.